सल्ला हवा : रंग, वंश आणि बोली यांचं चित्रण असलेल्या मालिका, शाळेतल्या मुलांसाठी

खाडीकाठ
नमस्कार. मी रायगडात, मुरूड तालुक्यात नववी-दहावीला इतिहास शिकवते. दिवाळीनंतर गावच्या वाचनालयातला मोठा टीव्ही चार शनिवार, तासभर वापरायला मिळणार आहे. निरनिराळ्या वंशाची, वर्णाची, बोलीची माणसं टीव्हीवर कशी दाखवली गेली आणि ते कसकसं बदलत गेलं, हे मुलांना दाखवायचं मनात आहे. काय दाखवू?

कारण सांगते. नववीतल्या एका मुलीला वर्गातली मुलं 'सिद्दी' म्हणून हाक मारतात. ती कोळीवाड्यातली, रंगाने काळी. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यांचा जंजिरा किल्ला डोळ्यांसमोर आहे आणि ऐतिहासिक मालिकांत पाहिलेला सिद्दी म्हणजे डोळे वटारून गडगडाटी हसणारा दुष्ट, एवढंच मुलांच्या डोक्यात आहे. तिने तक्रार केली नाही. परवा वही तपासताना ती शेजारी उभी होती, तेव्हा मानेवर आणि कोपरापर्यंत हातांवर पावडरचा थर दिसला. घामाने त्याला भेगा पडल्या होत्या. मला एक शब्द सुचला नाही.

मुलांचं इंग्रजी बेताचं आहे. मारझोड फार नको. आणि सगळं अमेरिकेचंच नको, नाहीतर ती म्हणतील हे तिकडचं, आपल्याकडे असं नसतं.

गडनदी
ताई, माका एक सांगूचा आसा. माझो आजो गिरगावात एका घरात घरगडी होतो. तेका सगळे 'रामा' म्हणत. तेचा खरा नाव येगळा होता.

पुढचं प्रमाण मराठीत लिहितो, सगळ्यांना कळायला हवं. मुंबईत कोकणातल्या कुठल्याही गड्याला 'रामा' म्हणायची रीतच होती. नाटक-सिनेमांतही मालवणी बोलायचा तो गडी, नाहीतर गिरणीतून सुटून आलेला कुणी, आणि तोंड उघडलं की हशा. म्हणून २०१६ साली झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' लागली तेव्हा आमच्या घरी वेगळंच वाटलं. सावंतवाडीजवळच्या आकेरीचा वाडा, आणि त्या वाड्याचे मालकच मालवणी बोलतायत. भांडणं मालवणीत, रडणं मालवणीत, जमिनीचे हिशेब मालवणीत. माझी आई जेवणाचं ताट हातात घेऊन उभ्यानेच पाहायची. कोकण म्हणजे भुतं आणि करणी, हे पुन्हा ठसवलं, याचा राग मला आजही आहे. तरी दहा मिनिटं दाखवाच, आणि मुलांना विचारा की आपली बोली याआधी कुणाच्या तोंडी ऐकली होती.

उत्तररात्र
गडनदी, तुमच्या आजोबांचं वाचून 'ब्यूला' आठवली. १९५० मध्ये अमेरिकेत सुरू झालेली मालिका. ब्यूला ही एका गोऱ्या कुटुंबाची काळी मोलकरीण. सगळ्यांच्या अडचणी ती सोडवणार, पण तिचं जग त्या घराच्या स्वयंपाकघरापुरतं. १९५१ ची 'अमोस अँड अँडी' तर रेडिओवर गोऱ्या नटांनीच काळ्यांचे आवाज काढून गाजवलेली. टीव्हीवर नट काळे आले, पण पात्रं तशीच आळशी आणि लबाड. एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेने कडाडून विरोध केला. १९५३ ला मालिका थांबली, तरी पुनःप्रक्षेपण १९६६ पर्यंत चालूच होतं.

मग १९६८ ला 'ज्युलिया'. तीही काळी बाई, पण नवरा व्हिएतनामच्या युद्धात गेलेला, स्वतः नर्स, एक लहान मुलगा, आणि स्वतःचं घर. ब्यूला आणि ज्युलिया यांची पाच-पाच मिनिटं लागोपाठ दाखवा. भाषा कळली नाही तरी चालेल. फक्त बाई कुणाच्या घरात उभी आहे ते मुलांना पाहू द्या.

पण तुम्हाला एकच गोष्ट निवडायची असेल तर 'स्टार ट्रेक' या अंतराळयानावरच्या अमेरिकन मालिकेचा जानेवारी १९६९ मधला एक भाग निवडा. नावाचा अर्थ साधारण 'हीच तुमची शेवटची रणभूमी ठरो'. चेरॉन ग्रहावरचे दोघे यानात येतात. दोघांचेही चेहरे मधोमध विभागलेले, अर्धा काळा, अर्धा पांढरा. एक दुसऱ्याचा जीवघेणा द्वेष करतो आणि कॅप्टनला कारणच कळत नाही. तेव्हा द्वेष करणारा चिडून म्हणतो, दिसत नाही का, माझी उजवी बाजू काळी आहे, त्याची उजवी बाजू पांढरी! शेवटी ग्रहावर पोहोचतात तर एकही माणूस जिवंत नाही. आणि ते दोघे तिथेही एकमेकांच्या मागे धावत सुटतात. तासाभरात बसतो, रक्तपात नाही. मी माझ्या भाच्यांना दाखवला तेव्हा मधेच थांबवून आरशासमोर गेले होते दोघे.

त्याच मालिकेतली उहुरा ही यानावरची संदेशवहन अधिकारी. स्वाहिलीत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. ते काम करणाऱ्या निशेल निकल्स पहिल्या वर्षानंतर मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबायला सांगितलं, कारण नोकराचं नसलेलं, मानाचं काम करणारी काळी बाई लोकांना दर आठवड्याला दिसत होती. १९९२ मध्ये अंतराळात गेलेल्या पहिल्या काळ्या अमेरिकन महिला मे जेमिसन लहानपणी उहुराला बघत मोठ्या झाल्या. ही गोष्ट त्या मुलीच्या कानावर जाईल असं बघा, पण तिच्याकडे बघून सांगू नका.

पागोळी
'माइंड युवर लँग्वेज' कुणीच कसं सुचवलं नाही? १९७७ ची ब्रिटिश मालिका. इंग्रजी शिकायला आलेले शीख, पाकिस्तानी, चिनी, जपानी, सगळे एका वर्गात. आम्ही पोट धरून हसलोय. मुलांना गंभीरच दाखवायचं असं कुठे आहे?

उत्तररात्र
पागोळीताई, मीही हसलोय. पण त्या वर्गात प्रत्येक माणूस म्हणजे त्याच्या देशाबद्दलचा एक ठोकळा, आणि शहाणा फक्त गोरा मास्तर. ज्या वर्गात आधीच एका मुलीला हसतायत, तिथे हे नको.

त्यापेक्षा 'सिम्प्सन्स'मधल्या अपूची हकीकत सांगा. १९९० पासून हा भारतीय दुकानदार त्या कार्टूनमध्ये होता, आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या हरी कोंडाबोलू या विनोदवीराने २०१७ मध्ये त्यावर माहितीपट काढला. टीव्हीवरचा तो हेल शाळेतली मुलं आपल्यालाच ऐकवायची, हे त्याचं दुखणं. अझारियाने २०२० मध्ये तो आवाज देणं सोडलं. तुमच्या वर्गातल्या 'सिद्दी'चं आणि याचं मूळ एकच आहे. पडद्यावरून उचललेला शब्द बाकावर येऊन पडतो.

पागोळी
पटलं. माझी सूचना मागे घेते. मग 'रंग माझा वेगळा' घ्या, २०१९ ची स्टार प्रवाहवरची. मुलांच्या घरी पाहिलेलीच असणार. नायिका काळी म्हणून तिला सोसावं लागतं, हे दाखवलं ते चांगलंच. पण रेश्मा शिंदे यांना मेकअप करून काळं केलं होतं. माझी मुलगी सावळी आहे. तिने विचारलं, आई, खरी काळी मुलगी त्यांना मिळालीच नाही का? मला उत्तर देता आलं नाही. तुमच्या मुलांना विचारा, काय म्हणतात.

बीबीसीवर १९५८ ते १९७८, तब्बल वीस वर्षं, गोरे गायक तोंडाला काळं फासून गाणी म्हणत. त्याचं एखादं छायाचित्र शेजारी ठेवलंत तर बोलायला विषय मिळेल.

पाणकोळी
ताई, मी तुमच्याच किनाऱ्याचा, रेवदंड्याचा. सगळ्यांचं वाचलं, चांगलं आहे. पण सिद्दीचं उत्तर सिद्दीनेच द्यायला हवं.

पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर मुलांना पाठ असतो. १६६० मध्ये तोच वेढा फोडायला नेताजी पालकरांबरोबर सिद्दी हिलालही गेला होता, महाराजांच्या बाजूने. त्याचा मुलगा वाहवाह त्या लढाईत जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. हे वर्गात सांगा, आणि मग विचारा की मालिकांमधून यातला कोण लक्षात राहिला. मलिक अंबरही सांगा. हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर झाला.

आणि चौथ्या शनिवारी टीव्ही लावूच नका. मुलांना कोर्लईला न्या. तिथल्या ख्रिस्ती घरांत आजही पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात. पुढे नवगावला बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, जुनं कब्रस्तान आहे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मराठी बोलणारी ही सगळी माणसं. एवढ्या वर्षांत मराठी मालिकेतलं एखादं घर त्यांचं पाहिल्याचं मला आठवत नाही. हे मुलांनी स्वतः शोधू दे.

खाडीकाठ
मन भरून आलं. ठरवते असं : पहिल्या शनिवारी ब्यूला, ज्युलिया आणि आकेरीचा वाडा. दुसऱ्याला चेरॉनचे दोघे. तिसऱ्याला 'रंग माझा वेगळा' आणि अपू. चौथ्याला कोर्लई-नवगाव, एसटीचं बघते. सिद्दी हिलाल मात्र थांबणार नाही, तो सोमवारी पहिल्याच तासाला.

एक अडचण. चेरॉनच्या भागाला मराठी सबटायटल कुठून आणू?

उत्तररात्र
मी करतो. संवाद थोडे आहेत. पुढच्या शुक्रवारपर्यंत देतो.

गडनदी
त्या दोघांतल्या एकाचे मालवणीत करूया? मी लिवन देतंय.