‘जाने भी दो यारो’: डिमेलोचं प्रेत इतके दिवस टिकलं कसं?

मुक्ता_नाशिक

नमस्कार मंडळी. नाशिकला आमचं लहानसं चित्रपट मंडळ आहे. या वेळी आम्ही कुंदन शाह यांचा ‘जाने भी दो यारो’ (१९८३) लावतोय आणि नंतरची चर्चा माझ्याकडे आहे. येणाऱ्यांत निम्मी कॉलेजची मुलं असतात आणि त्यांची नजर फार बारीक. एका शॉटमध्ये कप भरलेला आणि पुढच्यात रिकामा दिसला की लगेच हात वर. म्हणून तयारीनिशी जायचंय.

सिनेमा मला अतिशय प्रिय आहे. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी यांचे ते दोन भाबडे फोटोग्राफर, ओम पुरींचा पिऊन तर्र असलेला आहुजा, आणि भक्ती बर्वेंची ‘खबरदार’ची संपादिका! भक्तीताईंचा आवाज इतका गोड की ती बाई या पोरांना वापरून घेतेय हे कळायला आपल्यालाही वेळ लागतो. त्यामुळे खोड्या काढायच्या म्हणून विचारत नाहीये.

पहिला प्रश्न प्रेताचा. महापालिका आयुक्त डिमेलो (सतीश शाह) याचा खून होतो. पुढे त्याच्या नावाच्या उड्डाणपुलाचं उद्घाटन होतं, तिथे या दोघांना त्याची कफलिंक सापडते आणि रात्री खणल्यावर शवपेटी निघते. म्हणजे मध्ये बरेच दिवस गेलेत. तरी पेटीतल्या माणसाचा आत्ताच डोळा लागलाय असं वाटतं. नंतर तो पेटीत बसतो काय, स्केट्सवर उभा राहतो काय, नाटकाच्या मंचावर साडी नेसून द्रौपदी होतो काय! वैद्यकाच्या दृष्टीने यातलं काय शक्य आहे?

दुसरं, बागेत काढलेला फोटो मोठा करत नेल्यावर त्यात खून दिसतो. इतकं दिसेल का? तिसरं, कंत्राटासाठी तरनेजा आणि आहुजा हे दोन्ही बिल्डर एकट्या आयुक्ताच्या मागे लागलेत. आयुक्ताला एवढे अधिकार असतात का? आणि महाभारताच्या नाटकात अकबर बादशहा येतो, त्याला चूक म्हणायचं की नाही?

“विनोदी सिनेमा आहे, सगळं चालतं” हे उत्तर मला पटत नाही. मुद्दाम केलेलं काय आणि नजरेतून सुटलेलं काय, हे वेगळं काढता आलं पाहिजे.

हायपो_काका

फोटोचं मी सांगतो. सांगलीत माझा स्टुडिओ होता, त्या काळात सगळं काम ब्लॅक अँड व्हाईटचं आणि घरच्या डार्करूमचं.

पस्तीस एमएमची निगेटिव्ह म्हणजे २४ बाय ३६ मिलिमीटर. त्यावरून ८ बाय १० इंची प्रिंट काढायची तर चित्र सुमारे आठपट मोठं होतं, तिथवर सगळं सुरेख दिसतं. आता बागेत लांबवर उभा असलेला माणूस निगेटिव्हवर समजा तीन मिलिमीटर उंच आलाय. त्याला कागदभर, म्हणजे २० सेंटिमीटर करायचं तर साठ-सत्तरपट गेलात. तिथे चेहरा राहत नाही, नुसता ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे दाणे, राहतो. त्या वेळी बाजारात ओर्वो आणि उटीच्या कारखान्याची इंदू फिल्म मिळायची. चांगल्या फिल्म होत्या, पण असलं काम कुठल्याच फिल्मला झेपणारं नाही. कुणीतरी कुणासमोर हात पुढे करून उभा आहे एवढं कळेल. तो तरनेजाच, हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही.

मात्र मोठं करायची रीत खरी आहे आणि आम्ही ती करायचो. एन्लार्जरचं, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट पाडणाऱ्या यंत्राचं, डोकं खांबावर उलट्या बाजूला फिरवायचं, पाया उचलला जाऊ नये म्हणून त्यावर विटा ठेवायच्या आणि प्रकाश थेट जमिनीवर पाडायचा. एक्स्पोजर मिनिटांत जायचं. तेवढ्यात रस्त्यावरून ट्रक गेला की अख्खी खोली हलायची आणि प्रिंट वाया. कागद ट्रेमध्ये मावायचा नाही, मग स्पंजने डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) लावत बसायचं.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. त्या बागेचं नाव सिनेमात ‘अँटोनिओनी पार्क’ आहे. मायकेलअँजेलो अँटोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या १९६६च्या ‘ब्लो-अप’मध्ये हाच प्रसंग आहे: फोटोग्राफर, बाग, फोटोत दिसलेला खून. म्हणजे कुंदन शाह कुठून काय घेतलं ते उघड सांगतायत. तिथे ग्रेनचा प्रश्न अत्यंत गंभीरपणे येतो, चित्र मोठं करावं तसं ते कळेनासं होतं. इथे त्याला सरळ बगल दिलीय. माझ्या मते ही जाणूनबुजून घेतलेली सूट आहे.

आपल्या सिनेमांत सर्रास दिसणारी खरी चूक निराळीच: लाल दिव्यात फिल्म धुणं. लाल दिवा कागदाला चालतो. साधी निगेटिव्ह फिल्म मिट्ट काळोखातच धुवावी लागते, नाहीतर काळी पडते. ते बघितलं की मला अजून राग येतो.

निवृत्त_न्यायवैद्यक

मुक्ताताई, मी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यकशास्त्र शिकवत होतो. पदवीच्या मुलांना मृत्यूनंतरच्या बदलांचा तास घेताना मी हाच सिनेमा डोळ्यांपुढे आणायला सांगत असे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

माणूस गेल्यावर शरीर आधी सैल पडतं. मग तास-दोन तासांत ताठरपणा सुरू होतो. स्नायूंना सुटं व्हायला जी ऊर्जा लागते ती तयार होणं थांबलेलं असतं, म्हणून ते आहेत त्या स्थितीत अडकतात. पापण्या, जबडा, मान, हात, पाय असा तो वरून खाली येत जातो. आम्ही ढोबळ नियम शिकवतो: साधारण १२ तास यायला, १२ तास राहायला, १२ तास जायला. मुंबईच्या उकाड्यात हे आणखी लवकर उरकतं. नंतर शरीर पुन्हा सैल पडतं, ते कायमचं.

आता डिमेलो बघा. ताठर असेल तर त्याला स्केट्सवर उभं करून दोघांनी दोन्हीकडून धरून ढकलता येईल, ते अगदी शक्य आहे. पण मग तो पेटीत ऐसपैस बसणार नाही, गुडघे आणि कंबर वाकणारच नाहीत. सैल पडला असेल तर बसवता येईल, पण उभा करता येणार नाही. मान छातीवर, गुडघे मुडपलेले, आणि सतीश शाहांच्या अंगलटीचा माणूस म्हणजे दोघांना ओझं पेलवायचं नाही. सिनेमातला डिमेलो लागेल तेव्हा ताठ आणि लागेल तेव्हा सैल. सलगतेची चूक म्हणायची तर माझ्या लेखी ही एकच.

दिवसांचं म्हणाल, तर उन्हाळ्यात १२ ते १८ तासांत पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट डाग दिसायला लागतो. दोन-तीन दिवसांत अंग फुगतं, चेहरा ओळखू येत नाही. जमिनीत पुरलेलं शरीर मात्र फार सावकाश कुजतं. जुना नियम आहे: उघड्या हवेतला एक आठवडा म्हणजे पाण्यातले दोन आणि जमिनीतले आठ. पेटीत असेल तर आणखी थोडी सवलत. तेव्हा पुरलेला डिमेलो काही दिवस बरा राहिला हे मी एका मर्यादेपर्यंत मान्य करीन. बाहेर काढून मुंबईभर फिरवल्यावर मात्र घड्याळ जोरात पळायला लागतं. थिएटरात शिरेपर्यंत पहिल्या रांगेतली माणसं उठून गेली असती.

साडीचं सांगतो, कारण तो भाग लोकांना वाटतो तितका अशक्य नाही. शवविच्छेदनानंतर नातेवाईक नवे कपडे घेऊन येतात. सदरा घालायचा तर हात वळत नाहीत, मग आमचे कर्मचारी तो मागून उभा कापायचे, दोन्ही बाह्या पुढून सरकवायचे आणि कापलेली टोकं पाठीखाली दुमडून टाकायचे. पुढून बघणाऱ्याला सदरा नीट घातलेला दिसतो. घरच्यांना तेवढं पुरतं. हे काम ती माणसं फार मायेने करत. साडीला तर बाह्याच नाहीत, नुसती गुंडाळायची. ताठर शरीराला नेसवायला साडीइतकं सोयीचं वस्त्र नाही. डिमेलोची द्रौपदी होते, तिथे सिनेमा वैद्यकाला धरून आहे!

वासाबद्दल मी दिग्दर्शकाला दोष देत नाही. प्रेताला वास आला असता तर पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना सगळं कळलं असतं आणि गोष्टच संपली असती. आहुजा त्याच्याशी गप्पा मारतो, शवपेटीला मोटार समजतो, कारण त्याला तो जिवंत वाटतो. तिथे कुजणं दाखवायचं नाही हे ठरवूनच केलंय. बसणं आणि उभं राहणं यांतलं एक निवडता आलं असतं, ते मात्र राहून गेलं.

परळकर

महापालिकेत अनेक वर्षं नोकरी केली आहे, तेवढ्यापुरतं लिहितो. मुंबईचा आयुक्त हा राज्य सरकारने नेमलेला आयएएस अधिकारी. त्याचे अधिकार १८८८च्या महापालिका अधिनियमातून येतात आणि ते मोठे आहेत. पण ठरावीक रकमेच्या वरचं कंत्राट नगरसेवकांच्या स्थायी समितीच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. उड्डाणपूल त्या रकमेच्या खूप वरचा. तेव्हा खऱ्या तरनेजाला केक घेऊन स्थायी समितीच्या दारात उभं राहावं लागलं असतं. सिनेमात समितीचं नावही येत नाही.

बाकी उड्डाणपूल हा विषय निवडला ते विलक्षणच. केम्प्स कॉर्नरचा पूल १९६५चा, पण मुंबईभर उड्डाणपुलांचा धडाका लागला तो नव्वदीच्या उत्तरार्धात, रस्ते विकास महामंडळ १९९६ साली आल्यावर. हा सिनेमा त्याच्या कितीतरी आधीचा. आजच्या मुलांना त्यातला पूल रोजचा वाटेल, तेव्हा तो अपूर्वाईचा होता, हे सांगायला विसरू नका.

अनंत_कुडाळ

अकबराला चूक म्हणाल तर आमच्या दशावताराला काय म्हणाल? आमच्याकडे संकासुर येतो आणि गावच्या सरपंचापासून एसटीच्या वेळापत्रकापर्यंत सगळ्यांची हजेरी घेतो, समोर पुराणातली मंडळी उभी असताना. तमाशाच्या गवळणीत मावशी कृष्णाशी आजच्या महागाईवर भांडते. प्रेक्षकांत कुणीही “हे द्वापरयुगात कसं?” असं विचारत नाही.

त्या प्रसंगात सगळे जण प्रेतासाठी रंगमंचावर घुसलेत. नाटक कुठलं हे कुणाला ठाऊक नाही, मिळेल तो वेश चढवलाय आणि आठवेल ते बोलतायत. दुर्योधनच वस्त्रहरणाचा बेत रद्द करतो, कारण पदर ओढला तर आत डिमेलो आहे! बादशहा आल्यावर तोल आणखी सुटतो. या सगळ्याचं टायमिंग इतकं घट्ट आहे की अपघाताने झालंय असं म्हणताच येत नाही. आम्ही दशावतारी आयत्या वेळच्या बोलण्यावर जगणारी माणसं, त्यातली मेहनत आम्हाला ओळखू येते. दुःशासन झालाय तो विधु विनोद चोप्रा, आणि नसीरच्या पात्राचं नावही विनोद चोप्रा आहे. मुलांना हेही आवडेल.

मुक्ता_नाशिक

किती छान उत्तरं! डॉक्टर, सदऱ्याचं वाचून थोडा वेळ काहीच सुचलं नाही. परवानगी असेल तर ते चर्चेत सांगीन. अनंतदादा, संकासुर माझ्या डोक्यातही आला नव्हता. एकच राहिलं: डॉक्टर, एकच निवडायचं तर डिमेलो ताठर ठेवावा की सैल?

निवृत्त_न्यायवैद्यक

जरूर सांगा, फक्त त्या कर्मचाऱ्यांचं काम म्हणून सांगा, माझं नव्हे.

ताठर. स्केट्स राहतात, द्रौपदी राहते. फक्त आहुजाच्या प्रसंगात त्याला पेटीत बसवण्याऐवजी पेटी तिरकी टेकवून त्यात उभा ठेवावा लागला असता. पिऊन आलेल्या आहुजाला तेवढ्याने काही फरक पडला नसता.

हायपो_काका

आणि प्रत कुठली लावताय ते बघा. एनएफडीसीने (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने) दुरुस्त केलेली प्रत २०१२ साली थिएटरात आली होती, तीच मिळवा. जुन्या व्हिडिओच्या प्रतीत रात्रीचे प्रसंग नुसते काळे दिसतात, खणणं चाललंय की काय चाललंय तेही कळत नाही. खिडक्यांना जाड पडदे लावा आणि शेवटच्या रांगेत बसून एकदा आधी बघून घ्या.