हेमचंद्राच्या आकड्यांवर गोल जाळीदार शाल विणायची आहे, टाके कसे वाढवू?

टाकेवाली:

नमस्कार मंडळी. माझी आत्या कॉलेजात गणित शिकवते, येत्या मे महिन्यात निवृत्त होतेय. पैठणी, घड्याळ वगैरे बाकीचे देणारच आहेत. मला तिच्यासाठी गोल जाळीदार शाल विणायची आहे आणि त्या शालीत १, २, ३, ५, ८, १३, २१ ही मालिका (प्रत्येक संख्या म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज) खरोखर असायला हवी. आत्या तिला कधीच फिबोनाची म्हणत नाही, हेमचंद्राचे आकडे म्हणते.

नेटवर शोधलं तर बहुतेक ठिकाणी रंगीत पट्टे दिसतात: ३ ओळी निळ्या, ५ पांढऱ्या, ८ निळ्या. छान दिसतात, पण मला एकच रंग हवाय आणि मालिका टाक्यांत हवी आहे. म्हणजे आत्याने शाल मांडीवर पसरून मोजायला घेतली की तिला ती सापडली पाहिजे.

माझा विचार असा: मध्यातून ८ टाक्यांनी सुरुवात करायची आणि दर दुसऱ्या फेरीला पुढच्या संख्येवर जायचं. ८ चे १३, १३ चे २१, २१ चे ३४. हे चालेल का? आणि ३४ टाक्यांत २१ टाके समान अंतरावर कसे वाढवायचे? भागाकार कुठेच नीट बसत नाहीये.

मला सुलट-उलट, गोल सुईवर विणणं आणि साधी जाळी येते. टोप्या, मफलर, बाळाचे स्वेटर बरेच केलेत, मोठी शाल पहिलीच. घरात बारीक मेरिनो लोकर ८०० मीटर आहे, सुई ४ मिमी.

रानजाई:

कल्पना फारच आवडली. विणकामावर लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमनची ‘पाय शाल’ (पाय म्हणजे गणितातला π) बघितलीस का? मी ती विणली आहे. ९ टाक्यांनी सुरुवात, मग दर वेळी टाके दुप्पट: १८, ३६, ७२, १४४, २८८, ५७६. मधल्या साध्या फेऱ्याही ३, ६, १२, २४, ४८ अशा दुप्पट होत जातात. विणायला अतिशय सोपी, कारण वाढीच्या फेऱ्या मोजून सहा-सातच. मालिका वेगळी आहे, पण तुला धागा तिथेच सापडेल असं वाटतं.

उलटसुलट:

टाकेवाली, रानजाईने बरोबर बोट ठेवलंय. मीही आयुष्यभर गणितच शिकवलं, त्यामुळे तुझ्या आत्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

दर दुसऱ्या फेरीला पुढची संख्या घेतलीस तर शाल सपाट बसणार नाही. वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्याच पटीत वाढतो. तुझे टाके मात्र दर दोन फेऱ्यांना सुमारे १.६ पट होणार. जागा थोडी आणि टाके फार, म्हणून कडेला झालर उठेल आणि ती प्रत्येक फेरीगणिक दाट होत जाईल. हीच झालर मुद्दाम करायची असेल तर तेही सुंदर गणित आहे. कॉर्नेल विद्यापीठात दायना तैमिन्या यांनी १९९७ मध्ये क्रोशाने असे झालरीचे पृष्ठभाग विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिले, हायपरबोलिक, म्हणजे अशा झालरदार पृष्ठभागांवरची, भूमिती बोटांनी कळावी म्हणून. पण ते अंगावर घ्यायची शाल म्हणून चालणार नाही.

झिमरमनबाईंची युक्ती अशी की टाके दुप्पट करायचे तेव्हा त्रिज्याही दुप्पट झालेली असली पाहिजे. आपल्याला दुपटीच्या जागी हेमचंद्राचं प्रमाण हवंय, तर फेऱ्याही त्याच प्रमाणात लांबवायच्या. मी हिशेब मांडून पाहिला आणि तो इतका सुरेख बसला की रात्री उशिरापर्यंत वही मिटवली नाही. सुरुवातीला ८ टाके घाल. मग:

२ऱ्या फेरीत १३, ४थ्या फेरीत २१, ६व्या फेरीत ३४, १०व्या फेरीत ५५, १६व्या फेरीत ८९, २६व्या फेरीत १४४, ४२व्या फेरीत २३३, ६८व्या फेरीत ३७७, ११०व्या फेरीत ६१०.

फेऱ्यांचे क्रमांक बघ: २, ४, ६, १०, १६, २६, ४२, ६८, ११०. निम्मे कर: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५. म्हणजे टाक्यांतही तीच मालिका आणि अंतरांतही तीच. शिवाय एका उडीत टाके दुप्पट होत नाहीत, दीडपटीहून जरासेच जास्त होतात, म्हणून वाढीच्या फेरीनंतर चुण्याही कमी पडतील.

आता ३४ मध्ये २१ कसे वाढवायचे. भागाकार बसणार नाही आणि बसवायचाही नाही. इथे छंदशास्त्र मदतीला येतं. ही मालिका आपल्याकडे फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाच्या कितीतरी आधी विरहांक आणि नंतर हेमचंद्र या छंदशास्त्रकारांनी दिली, ती कवितेच्या मात्रा मोजताना. लघूची १ मात्रा, गुरूच्या २. चार मात्रांची ओळ किती प्रकारे लिहिता येईल? गग, गलल, लगल, ललग, लललल. पाच प्रकारे. पाच मात्रांची आठ प्रकारे, सहांची तेरा. शाळेत लगक्रम काढला असशीलच, त्यातलेच हे ग आणि ल.

तर सुईवरच्या प्रत्येक टाक्याला ग किंवा ल म्हण. वाढीच्या फेरीत ग आला की एक टाका सुलट विणायचा आणि लगेच सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा. ल आला की नुसता सुलट. गुरूचे दोन टाके झाले, लघूचा एकच राहिला, मात्रांसारखंच. पहिल्या ८ टाक्यांचा क्रम असा:

ग ल ग ग ल ग ल ग

यात ५ गुरू, ३ लघू, मात्रा १३. म्हणून नव्या फेरीत १३ टाके. त्या १३ चा क्रम:

ग ल ग ग ल ग ल ग ग ल ग ग ल

हा पाठ करायची गरज नाही. आधीचा ८ चा क्रम लिहायचा आणि त्याच्यापुढे त्याच्या आधीचा ५ चा, म्हणजे ‘ग ल ग ग ल’, जोडायचा. २१ हवे असतील तर १३ चा आणि पुढे ८ चा. ३४ साठी २१ चा आणि पुढे १३ चा. चौकटीच्या कागदावर एकदा शेवटपर्यंत उतरवून ठेव. प्रत्येक वेढ्याचं एक भोक पडतं, त्यामुळे वाढीच्या प्रत्येक फेरीत भोकांचं एक कडं तयार होईल. भोकांमध्ये कुठे एक टाका, कुठे दोन. पहिल्या नजरेला ते अंतर अनियमित वाटतं. तुझी आत्या ते वाचू शकेल, याची मला खात्री आहे.

वेढ्याचा टाका पुढच्या फेरीत साधा सुलट विणायचा. सुरुवातीला पाच सुयांचा संच वापर, ५५ टाके झाले की गोल सुईवर जा.

टाकेवाली:

काकू, तुम्हाला काकू म्हटलं तर चालेल ना? मी रात्री ३४ पर्यंत विणून पाहिलं आणि ते सपाट बसलं!! भोकांचं कडं फार गोड दिसतंय. पण आता मोठ्या पट्ट्यांत जाळी कशी घालू? २३३ ला कशानेच भाग जात नाही. ६ टाक्यांची पानांची जाळी घालणार होते, ती १४४ वर बसते, पुढे नाही.

दोनसुया:

२३३ मूळ संख्या आहे, ८९ सुद्धा. त्यामुळे कुठलाच नमुना पूर्ण वेळा येणार नाही. मी असते तर सगळीकडे साधी सुलट वीण ठेवून फक्त भोकांची कडी दिसू दिली असती. तेही देखणं होईल.

उलटसुलट:

काकूच म्हण, आवडेल.

दोनसुया, साधी वीण चांगली दिसेलच, पण इतकी मोठी शाल आणि तीही निवृत्तीची, तर जाळी हवीच. माझं म्हणणं आहे की लाटांची जाळी घ्यावी, १८ टाक्यांची. ही स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरची जुनी वीण. लेक ॲबर्डीनला असते, तिच्याकडे गेले होते तेव्हा बोटीने शेटलंडमधल्या लर्विक गावी जाऊन तिथल्या संग्रहालयात या शाली डोळे भरून पाहिल्या. तिथल्या उन्स्ट बेटावरच्या बायका इतकं बारीक सूत कातत की अख्खी शाल अंगठीतून ओढून काढता येई. लाटांची वीण मात्र रोजच्या वापरातल्या जाड शालींच्या काठाला असते, म्हणजे ती हाताला सोपी आहे.

चार फेऱ्यांचा नमुना. पहिली आणि दुसरी फेरी सुलट. तिसऱ्या फेरीत दोन-दोन टाके एकत्र असं तीनदा, मग ‘वेढा, एक सुलट’ सहा वेळा, मग पुन्हा दोन-दोन एकत्र तीनदा. चौथी फेरी पूर्ण उलट. तिसऱ्या फेरीत १८ टाके घेतले जातात आणि १८ च उरतात.

१८ च का, ते बघ. १४४ म्हणजे १८ गुणिले ८. २३३ मध्ये एक टाका मिळवला की २३४, म्हणजे १८ गुणिले १३. ३७७ मध्ये एक मिळवला की ३७८, म्हणजे १८ गुणिले २१. ६१० मध्ये दोन मिळवले की ६१२, म्हणजे १८ गुणिले ३४. पहिल्या पट्ट्यात ८ लाटा, मग १३, मग २१, मग ३४! हा योगायोग नाही. या मालिकेत सहा घरं पुढे गेलं की संख्या जवळजवळ अठरापट होते, आणि जो एक-दोनचा फरक उरतो तोही त्याच मालिकेतला असतो. आत्याला हे सिद्ध करायला दे, तिला फार मजा येईल.

जादा टाके असे घे. ४२व्या फेरीत क्रम संपला की शेवटी एक वेढा जास्त, २३४ होतील. ६८व्या फेरीत २३३ चा क्रम वाचून झाल्यावर उरलेला एक टाका ल समज, ३७८ होतील. ११०व्या फेरीत ३७७ चा क्रम वाचल्यावर उरलेला टाका ग समज, ६१२ होतील.

फेऱ्यांचा हिशेब: २७ ते ४१ मध्ये नमुना तीनदा आणि वर ३ साध्या सुलट फेऱ्या. ४३ ते ६७ मध्ये सहा वेळा आणि १ साधी. ६९ ते १०९ मध्ये दहा वेळा आणि १ साधी. साध्या फेऱ्या पट्ट्याच्या शेवटी घे, म्हणजे भोकांचं पुढचं कडं वेगळं उठून दिसेल. दर १८ टाक्यांवर खुणेची रिंग अडकवत जा. एक लाट चुकली तर तिथल्या तिथे कळतं.

लोकरीबद्दल. ११० फेऱ्यांपर्यंत साधारण २६,००० टाके होतात. त्यापुढची प्रत्येक फेरी ६१२ टाक्यांची. १५० फेऱ्या करायच्या म्हटलं तर एकूण ५०,००० च्या घरात जातं, म्हणजे निम्मी शाल शेवटच्या चाळीस फेऱ्यांत. तुझ्या ८०० मीटरमध्ये १३० पर्यंत जाता यावं. पण हात प्रत्येकाचा वेगळा, म्हणून अंदाजावर राहू नकोस. ११४वी फेरी संपली की गुंडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोल, चार फेऱ्यांनी ११८व्या फेरीनंतर पुन्हा तोल. एका नमुन्याला किती ग्रॅम लागले ते कळेल, त्यावरून पुढचं ठरव. टाके बंद करायलाही बरीच लोकर लागते, ती बाजूला राखून ठेव.

रानजाई:

काकू, हे वाचून मीच सुया काढल्या!

टाकेवाली, तुझी लोकर मेरिनो आहे हे उत्तम. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेकदा ॲक्रिलिक असतं, आणि ॲक्रिलिक ओलं करून ताणलं तरी वाळल्यावर पुन्हा आखडतं. या शालीत ते चालणार नाही, कारण जाळी उघडते ती ताणल्यावरच. विणून झाली की कोमट पाण्यात अर्धा तास भिजव, पिळू नकोस, टॉवेलात गुंडाळून दाब. मग सतरंजीवर जुनी चादर घालून त्यावर पसर आणि मधून बाहेर पिना लावत जा. आधी समोरासमोरच्या चार, मग त्यांच्या मधल्या चार, मग प्रत्येक लाटेच्या टोकाला एक. ३४ लाटा म्हणजे ३४ पिना. पूर्ण वाळेपर्यंत काढू नकोस, पंखा लावून ठेव.

टाकेवाली:

काकू, रानजाई, दोघींना मनापासून धन्यवाद. कागदावर क्रम उतरवायला घेतलाय. एकच शंका: टाके बंद करताना काठ घट्ट होऊन लाटा दबणार नाहीत ना?

उलटसुलट:

नेहमीसारखे बंद केलेस तर दबतील. उजव्या हातात ५ किंवा ५.५ मिमीची सुई घे. दोन टाके एकत्र सुलट विण, तयार झालेला टाका परत डाव्या सुईवर घाल, पुन्हा दोन एकत्र. शेवटपर्यंत असंच. काठ ताणला जातो आणि तुटत नाही. दर लाटेच्या टोकाशी दोरा जरा सैल सोड, रानजाईची पिन नेमकी तिथेच लागणार आहे.