मदत हवी आहे: १६ फुटी बोटीवर प्लेनर बोर्डांची मांडणी (सॅगिनॉ बे, मिशिगन)

खाडीपल्याड

मंडळी, गळाने मासे धरणारे इथे बरेच आहेत, म्हणून विचारतोय.

बोट १६ फुटी, अ‍ॅल्युमिनियमची. मागे ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन, हँडल हातात धरून चालवायचं. बोटीत मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा. लिनवूडहून उतरतो, मासा वॉलाय. आतापर्यंत वाऱ्यावर बोट सोडून जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) टाकत आलो. पण उन्हाळ्यात मासा सगळीकडे पांगतो, आणि आजूबाजूच्या बोटी दोन्ही अंगांना केशरी फळ्या (हेच प्लेनर बोर्ड) सोडून सहा-सहा दोऱ्या ओढत फिरतात. त्यांची जाळी पाण्यात बुडताना दिसते, आमची कोरडीच. यंदा आम्हालाही तसंच ओढायचंय.

अडलंय ते असं. बोर्ड थेट दोरीला अडकवायचे ते घ्यावेत, की नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) खांब उभारून मोठे बोर्ड वेगळ्या दोरावर सोडावेत? रॉड होल्डर कुठे आणि कसे बसवायचे? बोटीची कड पातळ आहे, भोकं पाडायला हात धजत नाही. इंजिन अगदी मंद ठेवलं तरी जीपीएस ताशी अडीच मैल दाखवतो, हे जास्त आहे ना? आणि रिळांवर सध्या ब्रेड (विणलेली दोरी) आहे, ती चालेल का?

गावी हर्णैला लहानपणी तंगूस (नायलॉनची दोरी) हाताला गुंडाळून गरवलंय. तेवढ्या शिदोरीवर हे जमेना.

मासेखाऊ

तांत्रिक काही कळत नाही, पण वॉलाय लागतो कसा? पापलेट विसरायला लावतो का?

खाडीपल्याड

पापलेट विसरू नका. पण पांढरा, काटे काढायला सोपा, रवा लावून तळला की पोरं दुसरं काही मागत नाहीत.

ह्युरॉनकाठ

आम्ही या खाडीत बरीच वर्षं ओढतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खांबाचा विचार सोडा. मोठ्या बोर्डांची मजा मोठ्या बोटीवर. त्यात गळाची दोरी क्लिपेत अडकवून ती क्लिप बोर्डाच्या दोरावरून सरकवत सोडायची असते. मासा लागला की दोरी क्लिपेतून सुटते आणि तुम्ही मोकळ्या दोरीवर मासा खेळवता. लाटेतही ते बोर्ड भक्कम चालतात, हे खरं. पण १६ फुटी बोटीत नाळेवर खांब, त्याला दोन जाड दोर, ते गुंडाळायची रिळं, आणि माणसं दोनच. गुंता झाला तर हँडल कोण धरणार? थेट दोरीला लागणारे छोटे बोर्ड घ्या. उजव्या-डाव्या बाजूचे वेगळे मिळतात, प्रत्येकी दोन पुरे.

बोर्ड करतो काय, तर पतंग जसा वाऱ्यावर बाजूला खेचतो तसा हा पाण्यावर बाजूला खेचतो. पुढची तिरकी कड पाणी कापते, तळाचं वजन फळी उभी ठेवते. या खाडीच्या आतल्या भागात पाणी उथळ, बऱ्याच ठिकाणी १० ते १५ फूट. १९९० च्या दशकात झेब्रा शिंपले आल्यापासून ते नितळही झालंय. बोट डोक्यावरून गेली की मासा बाजूला सरकतो. तो सरकतो तिथेच तुमचं आमिष असलं पाहिजे, त्यासाठी हा खटाटोप.

आता वेग. तुमच्या चारही प्रश्नांत हाच मोठा आहे, बाकीचं नंतर. गांडुळाचा हार्नेस (गळाला गांडूळ आणि पुढे फिरणारं पातं) ओढायचा तर ताशी १ ते दीड मैल. क्रँकबेट (माशाच्या आकाराचं खोटं आमिष) असेल तर २ च्या आसपास. अडीच मैलांवर हार्नेसचं पातं भिरभिरत वर येतं, मासा खाली राहतो. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ड्रिफ्ट सॉक, पाण्यात फुगणारी कापडी पिशवी. नाळेजवळच्या दोन्ही क्लीटांना (दोर बांधायच्या खुंट्यांना) एकेक बांधा. दोर इतका आखूड ठेवा की पिशवी कधीही पंख्यापर्यंत पोचणार नाही, हे आधी किनाऱ्यावर मोजून घ्या. पंख्यामागे लावायची, वेग कमी करणारी ट्रोलिंग प्लेटही मिळते, पण ती खाली आहे हे विसरून कोणी इंजिन जोरात फिरवलं की वाकते. तुमच्याबरोबर चौदा वर्षांचा मुलगा आहे, मी घेणार नाही.

ट्रॅव्हर्स_सिटीकर

ह्युरॉनकाठशी सहमत, पण खांबाबद्दल थोडं वेगळं मत. आमच्याकडे लेक मिशिगनवर मोठ्या बोर्डांशिवाय भागत नाही. मोठ्या लाटेत छोटा बोर्ड उड्या मारतो, आमिषही त्याच्याबरोबर झटके खातं. पण तुमच्या खाडीत आणि तुमच्या बोटीला छोटे बरे, हे मान्य.

रॉड होल्डरचं मी सांगतो, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या बोटींची कामं बरीच केलीत. सुटा होल्डर थेट कडेवर स्क्रूने बसवू नका. कडेवर अ‍ॅल्युमिनियमचा ट्रॅक बसवा, होल्डर त्यात सरकवून हवा तिथे घट्ट करता येतो. भोकं एकदाच पडतात, मांडणी मात्र कितीही वेळा बदलता येते. बोल्ट आरपार घ्या आणि खालून पट्टी द्या, म्हणजे ओढ एका भोकावर न येता पसरेल. पट्टी लाकडाची करणार असाल तर औषध मुरवलेलं प्लायवूड टाळा. त्यातल्या तांब्यामुळे अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्ट स्टेनलेसचे, त्यांना गंजविरोधी पेस्ट आणि नायलॉनचा वॉशर. ड्रिल लावण्याआधी कडेखालून हात फिरवा, तिथून वायर किंवा पेट्रोलची नळी गेलेली असते.

तुम्ही हँडल धरून मागे बसता, म्हणून मागचा होल्डर तुमच्या कोपराला लागणार नाही इतका पुढे घ्या. बहुतेक जण इथेच फसतात. दुकानात ट्रॅक छान दिसतो, पाण्यात हँडल वळवताना रॉडचा दांडा बरगडीत बसतो. हँडलला लांब दांडा जोडता आला तर जोडा.

खाडीपल्याड

दोघांचेही खूप आभार. पट्टीसाठी औषधाचं प्लायवूडच आणून ठेवलं होतं, आता ते परसातल्या बाकाला जाईल. कुठला रॉड कुठे, आणि मासा लागल्यावर नेमकं काय करायचं? मिशिगनमध्ये माणशी तीन दोऱ्या चालतात, म्हणजे आम्ही सहा टाकू शकतो.

ह्युरॉनकाठ

टाकू शकता, पण सुरुवातीला चारच टाका. बाजूला दोन.

सगळ्यात बाहेरच्या बोर्डाचा रॉड सगळ्यात पुढे, नाळेकडे, आणि जरा उभा. आतल्या बोर्डाचा त्याच्या मागे, जास्त आडवा. म्हणजे बाहेरची दोरी आतल्या दोरीच्या वरून जाते. खोल जाणारं आमिष आतल्या दोरीवर ठेवा आणि उथळ चालणारं बाहेरच्या, त्यामुळे बाहेरचा मासा आत आणताना तो बाकीच्यांच्या वरून येतो.

सोडताना आधी आमिष मोजून मागे सोडा. हार्नेसपुढे एक औंसाचं शिसं असेल तर उथळ पाण्यात २० ते ४० फूट पुष्कळ. मग बोर्ड क्लिपांनी अडकवा, हळूच पाण्यावर ठेवा आणि अंगठा रिळावर ठेवून दोरी द्या. एकदम मोकळं सोडलं की बोर्ड नाक खुपसतो. पहिला बोर्ड ६०-७० फुटांवर, दुसरा त्याच्या निम्म्यावर. शनिवार-रविवारी गर्दी असते, तेव्हा दोन्ही जवळ घ्या.

मासा लागला की तो बोर्ड ओळ सोडून मागे पडतो. बोट थांबवू नका. थांबली की बाकीच्या दोऱ्या सैल पडून एकमेकींत जातात. वेग थोडा कमी करा, रीळ एकसारखं फिरवा, वर-खाली हिसके नकोत. बोर्ड रॉडच्या टोकाजवळ आला की दुसऱ्याने क्लिपा काढायच्या, पहिल्याने फिरवत राहायचं. हे काम मुलाला द्या, त्याचे हात तुमच्यापेक्षा चपळ असतील. नंतर आतला बोर्ड बाहेर जाऊ द्या आणि नवी दोरी त्याच्या जागी आत सोडा.

ब्रेडबद्दल: ती क्लिपेच्या रबरातून सरकते, आणि ताणली जात नाही. बोट चालूच असते, वॉलायचं तोंड मऊ, गरी फाडून निघते. १० ते १२ पौंडाचं साधं तंगूस भरा. रॉड साडेसात-आठ फुटी, मऊ वाकणारा. बोर्डाची मागची क्लिप मधे खुंटी असलेली घ्या, म्हणजे पुढची सुटली तरी बोर्ड दोरीवरच राहतो. आणि किती दोरी गेली ते दाखवणारी मोजणीची रिळं सगळी एकाच मॉडेलची, सारखीच भरलेली. ती स्पूलचे फेरे मोजतात. अर्ध्या भरलेल्या रिळावर ५० चा आकडा दिसला तरी बाहेर ५० फूट गेलेले नसतात.

ट्रॅव्हर्स_सिटीकर

पैसे उरले तर नाळेवर जीपीएसवाली इलेक्ट्रिक मोटर घ्या. रिमोट गळ्यात अडकवला की दोन्ही हात जाळीला मोकळे. पण सगळी ओढ तिच्यावर टाकू नका. १२ व्होल्टची ५५ पौंडी मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअरपर्यंत खाते, म्हणजे १०० अँपिअर-अवरची बॅटरी दोन तासांत संपेल. मागचं इंजिन मंद चालू, सॉक पाण्यात, आणि मोटर फक्त दिशा धरायला, असं जमतं. किकर, म्हणजे मंद ओढायला दुसरं छोटं इंजिन, लावायचं मनात असेल तर आधी बोटीवरची क्षमतेची पाटी वाचा. माणसं, इंजिन, बॅटरी, पेट्रोल सगळं धरून १६ फुटीत मागचं वजन पटकन वाढतं.

ह्युरॉनकाठ

वाऱ्याचं राहिलंच. खाडी ईशान्येला उघडी आहे. तिकडून वारा सुटला की ह्युरॉन सरोवराची लाट थेट आत येते आणि उथळ पाण्यात आखूड, उभी होते. १० फूट पाण्यात ती लाट बसकी वाटते, मग अचानक नाळ खाली जाते. छोट्या बोटींसाठी इशारा असेल तर उतरू नका. ओढताना वारा पाठीवर घ्या, वळणं लांबलचक घ्या. वळताना आतल्या बाजूची आमिषं मंदावतात, बाहेरची पळतात. आतल्या बाजूलाच मासा लागला तर समजा, तुम्ही एरवी फार जोरात चाललाय.

किल-स्विचची दोरी (तुम्ही पडलात तर इंजिन बंद करणारी) मनगटाला हवीच. २६ फुटांखालच्या बोटींना वेगात असताना ती १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. ओढताना सक्ती नाही, तरी लावा. जाळी घेऊन कडेवर वाकणारे तुम्हीच असणार.

खाडीपल्याड

ट्रॅक आणि दोन सॉक मागवले. शेवटचं एक: मासा लागला की खाली पडणारे ते स्प्रिंगवाले झेंडे घ्यावेत का? महाग वाटतात.

ह्युरॉनकाठ

हार्नेस ओढणार असाल तर घ्या. छोटा पर्च मासा लागला तर बोर्ड जागचा हलत नाही, आणि तो मासा तसाच अर्धा तास ओढला जातो. पात्याला शेवाळ गुंडाळलं तरी झेंडा थोडा कलतो, तेव्हा दोरी आत घेऊन साफ करा. नुसत्या क्रँकबेटला नाही घेतले तरी चालेल.