बोलण्यातली कृपा: ख्रिस्ती घरांतले अनुभव सांगा

शेवगावचा_मुलगा:
परवा उपासनेत बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचला. आपलं बोलणं कायम कृपायुक्त असावं, मिठानं रुचकर केल्यासारखं, म्हणजे कुणाला कसं उत्तर द्यायचं ते कळेल. मला एकदम पप्पा आठवले. एसटीत कंडक्टर होते, नगर-शेवगाव लाइनला. सुट्ट्या पैशांवरून रोज भांडणं. पप्पा तिकिटाच्या मागं बाकी लिहून द्यायचे आणि त्या माणसाचा स्टॉप यायच्या आधी गर्दीतून वाट काढत स्वतः नेऊन द्यायचे. मागायची वेळ कुणावर येऊ द्यायची नाही. म्हणायचे, "गोड बोलून दोन रुपये ठेवून घेतले तर ते बोलणं काय कामाचं?"
एकदा एक प्यायलेला माणूस आईवरून शिव्या देत अंगावर आला. पप्पा म्हणाले, "दादा, आधी बसा, पडाल." एका पोराला उठवून त्याला जागा दिली. घरी मी विचारलं, राग येत नाही? "येतो की. म्हणून तर आधी तिकीट फाडतो, मग बोलतो."
तुमच्याकडे असं कुणी आहे? ऑफिस, शेजार, मंडळी (म्हणजे आपलं चर्च), कुठलंही चालेल.

पोळीभाजी:
वाचतेय. कणीक मळलीये, पोळ्या उरकून येते.

निवृत्त_सिस्टर:
जय ख्रिस्त. आमच्या मेट्रनबाईंचा वॉर्डात एकच नियम होता. पेशंटच्या माणसाला नुसतं "थांबा" म्हणायचं नाही. "सलाईन लावून दहा मिनिटांत येते" म्हणायचं आणि दहा मिनिटांत जायचंच, हातात काही नसलं तरी. रात्रपाळीत निम्मी भांडणं यानेच मिटायची. माणूस चिडलेला नसतो हो, घाबरलेला असतो. हे मी चाळीशी उलटल्यावर शिकले, नवीन मुलींना पहिल्याच दिवशी सांगायचे.

वसईवाला:
आमच्या वसईचे लेखक-धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची आठवण झाली. २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा म्हणून विरोध झाला. तब्येत बरी नसताना ते गेले आणि संतांबद्दल, मराठीबद्दल बोलले, विरोधकांवर घसरले नाहीत. पण मऊ बोलतात म्हणून कुणी त्यांना गरीब समजू नये. हरित वसईच्या चळवळीत गुंडगिरीविरुद्ध उघड उभे राहिलेले फादर ते. २०२४ च्या जुलैत गेले. त्यांच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, लहानपणी बसलोय.

जालन्याची_लेक:
आमच्या आजीला नवीन शेजारीण सगळ्यांसमोर म्हणाली, धर्म बदलायचे किती पैसे मिळाले तुम्हाला? आजी म्हणाली, "बाई, मिळाले असते तर वर पत्रे राहिले असते का? आत या, चहा टाकते, पत्रे पण बघा." पुढं त्याच बाईच्या सुनेच्या बाळंतपणात आजी रात्रभर जागी. नाताळच्या करंज्या भरायला ती आमच्याकडं, दिवाळीच्या भरायला आजी तिच्याकडं.

शेवगावचा_मुलगा:
पत्रे पण बघा 😄 आजी जबरदस्त.

स्पष्टच_लिहिते:
थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. आमच्या मंडळीत "नम्रतेनं बोल" हे फक्त सुनांना सांगतात. स्त्रीसंघात मी हिशेब विचारला तर पाळकांसमोर मलाच याकोबाच्या पत्रातला जिभेचा अध्याय वाचून दाखवला. योहानाचा अठरावा अध्याय कुणी काढत नाही. प्रभूला शिपायानं चपराक मारली तेव्हा तो गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो तर मारतोस का, असं सरळ विचारलं. आवाज न चढवता पण विचारलं. मीही तेच केलं, पुढच्या मीटिंगला वही घेऊन गेले आणि प्रत्येक पावती शांतपणे मागितली. मिळाल्या.

निवृत्त_सिस्टर:
@स्पष्टच_लिहिते, शाबास गं. हे लिहायलाच हवं होतं.

वसईवाला:
+१. आमच्याकडे स्मशानभूमीच्या भिंतीवरून व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गट पडलेत. एक काका रोज फक्त "दोघांच्या घरी मी येतो, चहाला" असं टाकतात. आणि खरंच जातात.

जालन्याची_लेक:
काका आमच्या ग्रुपवर पण पाठवा 🙏 आमच्याकडे नाताळच्या कॅरलच्या यादीवरून चाललंय, ऑक्टोबरपासून!

पोळीभाजी:
आले. सासूबाईंना विस्मरण झालंय. दिवसभर विचारतात, "माझा मुलगा आला का?" तो समोरच बसलेला असतो. पहिल्यांदा तो सांगायचा, आई मीच तो. त्या घाबरायच्या, परका माणूस घरात कसा म्हणून. आता तो म्हणतो, "येतोय, तोवर मी बसू का तुमच्याजवळ?" त्या हो म्हणतात. मग दोघं 'उपासना संगीत' या आपल्या भक्तिगीतांच्या पुस्तकातली गाणी म्हणतात, कवी ना. वा. टिळकांची त्यांना कडव्यांसकट पाठ आहेत. माझ्या नवऱ्याचं बोलणं इतकं मऊ मी लग्नानंतर कधी ऐकलं नव्हतं.

शेवगावचा_मुलगा:
ताई, काय लिहू. प्रार्थनेत आठवण ठेवतो तुम्हा तिघांची.

निवृत्त_सिस्टर:
पोळीभाजी, रात्री उठून बाहेर जातात का त्या? कडी दाराच्या वरच्या बाजूला लावून घ्या, त्यांचा हात पोचणार नाही. बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवा. आणि तुम्ही झोपता का नीट? विपु करते, म्हणजे तुमच्या विचारपुशीत लिहिते.

पोळीभाजी:
कडी उद्याच बसवून घेते. झोपेचं विपुत सांगते.