पावटा फुटतो, राजमा कच्चा राहतो: कुठलं कडधान्य कशाला घ्यायचं?

शहापूरची_खानावळ

बेळगावच्या शहापुरातून रोज चाळीस डबे जातात. जोंधळ्याची भाकरी, भात, एक आमटी, एक सुकी भाजी. मसूर, मूग, तूर यांचं विचारत नाही, ते इथं कुणालाही येतं. प्रश्न जाड दाण्यांचा आहे. रविवार पेठेतून पावटा, कडवे वाल, लाल राजमा, पांढरी चवळी, हुलगा (कुळीथ) आणि डबल बी (मोठा, चपटा पांढरा दाणा) असं थोडं थोडं भरलंय.

अडचण अशी आहे. पावट्याची सालं सुटून वर तरंगतात आणि आतला दाणा पिठूळ होतो. त्याच कुकरात, तेवढ्याच शिट्ट्यांत राजमा मात्र मधोमध टणक राहतो. कडवे वाल डब्यात तसेच परत येतात. हुलग्याला धड मोड येत नाहीत, बरेचसे दाणे भिजतच नाहीत. पाणी बोअरचं. सगळं रात्री नऊला भिजतं आणि सकाळी सहाला गॅसवर चढतं. चिंच-गूळ कुकरातच पडतो. चाळीस माणसांच्या हिशोबानं सांगा, कुठलं कशाला लावू आणि शिजेना का झालंय?

आडतदुकान

पहिलं म्हणजे चिंच-गूळ कुकरातून बाहेर काढा. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात विरघळत नाही, मग शिट्ट्या कितीही काढा. गुळातलं कॅल्शियम त्यात भर घालतं. चिंच, आमसूल, टोमॅटो, गूळ हे सगळं दाणा बोटानं चेपला गेल्यावरच.

दुसरं, बोअरचं पाणी. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सालीत बसतं आणि साल चिवट होते. नळाला राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी येत असेल तर निदान भिजवायला आणि शिजवायला तेवढंच राखून ठेवा, भांडी बोअरवर घासा. नळाची पाळी नसेल त्या दिवशी बोअरचं पाणी खळाखळा उकळून थंड करा, तळाशी पांढरा साका बसला की वरचं अलगद ओतून घ्या. उकळून जाण्याजोगा जडपणा तेवढ्यानं उतरतो, सगळा नाही.

तिसरं, मालाचं वय. दाणा दिसायला सारखाच असतो, पण दमट आणि उष्ण कोठारात वर्षभर पडलेला घेवडा-राजमा नंतर कशानंही नीट शिजत नाही. खानापूरकडच्या पावसाळ्यात पोत्यात राहिलेला माल याच जातीचा. घेताना साल बघा: सुरकुतलेली, काळपटलेली, लाल राजमा असेल तर विटकरी पडलेली नको. नव्या आणि जुन्या पोत्यातला माल कधी मिसळू नका. निम्मा विरघळतो, निम्मा टणक राहतो आणि दोष कुकरला जातो.

सोडा शेवटचा उपाय. अर्ध्या किलो सुक्या दाण्याला पाव चहाचा चमचा, त्यावर नको. जास्त झाला की साबणासारखी चव येते, दाण्याचं पिठलं होतं आणि ब-१ जीवनसत्त्व जातं ते वेगळंच.

घाटमाथा_खानापूर

कडव्या वालाचा कडूपणा बराचसा सालीत असतो. साल न काढता आमटी केली तर डबे परत येणारच.

दहा-बारा तास भिजवायचे, मध्ये एकदा पाणी बदलायचं. उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून एक दिवस ठेवायचे. बोटाच्या पेराच्या निम्म्याइतका मोड आला की कोमट पाण्यात दहा मिनिटं टाकायचे आणि अंगठा-तर्जनीत दाबायचा. साल मागं राहते आणि दाणा सुळकन पुढं निसटतो. निसटत नसेल तर मोड कमी आलाय, परत बांधून ठेवा. सोललेल्याला कुकर लावायचा नाही. तेलात मोहरी, जिरं, हिंग, कांदा, मग वाल, वर ताट आणि ताटात पाणी. दहा-बारा मिनिटं मंद आचेवर. ताटातलं गरम पाणीच लागेल तसं आत सोडायचं. ढवळायचं नाही, भांडं दोन कानांना धरून हलवायचं. आमसूल, गूळ, ओलं खोबरं शेवटी.

पण ताई, चाळीस माणसांना म्हणजे सव्वा-दीड किलो सुके वाल, आणि ते सोलायला दोघींचा तासभर तरी जाणार. खानावळीला हे परवडत नाही. वालाची डाळ घ्या. सोललेली मिळते, दोन तासांत भिजते. वालाची उसळ महिन्यातून एकदा, सणावाराला.

हुलग्याचं दुखणं वेगळं. त्याची साल पाणीच आत घेत नाही. नीट कढत पाण्यात (हात घालवणार नाही, पण उकळतंही नाही) भिजत घाला आणि बारा तास ठेवा. नऊ तास पुरत नाहीत. मग मूठभर दाणे स्टीलच्या ताटात वरून सोडा. भिजलेला दाणा मुका पडतो, कुचर दाणा टिक्क वाजतो. असं आवाजानं कळतं, पण निवडायला सोपं म्हणजे परात तिरकी धरून हलवायची, कुचर घरंगळत खाली येतात. ते आधीच बाजूला काढले नाहीत तर जेवणाऱ्याच्या दाताखाली येतात. मोडाला चोवीस ते छत्तीस तास. डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या गारठ्यात उघड्यावर मोड येत नाहीत, झाकणाच्या डब्यात किंवा शेगडीशेजारी ठेवा.

आणि खानावळीला हुलगा मोडाशिवायच सोन्यासारखा आहे. एक किलो हुलगा पाच-सहा लिटर पाण्यात मऊ शिजवा, पाणी गाळून घ्या. त्या कटाला लसूण, मिरी, आमसूल आणि वाटलेलं खोबरं लावलं की सार झालं, तिकडं कानडी घरांतून हुरळी सार म्हणतात तेच. उरलेले दाणे कांदा-लसणीवर परतून सुकी भाजी. एका शिजवण्यात आमटी आणि भाजी दोन्ही सुटतात.

निपाणीची_चूल

पावटा कुकरात बिघडतो तो शिट्ट्यांनी कमी आणि उकळीनं जास्त. साल पातळ, आत पीठ. भिजवलेला पावटा दोन शिट्ट्यांत होतो, राजम्याला त्याच्या दुप्पट लागतात. दोघांना एकत्र घातलं तर एक वाया जाणार हे ठरलेलंच.

चाळीस जणांना दीड किलो पावटा. भिजवण्याच्या पाण्यात लिटरमागं दोन चहाचे चमचे मीठ घाला. सकाळी ते पाणी फेकायचं, दाणे धुवायचे. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, फेस शिट्टीत अडकतो. वर चमचाभर तेल. दोन शिट्ट्या, गॅस बंद, वाफ आपली आपण जाऊ द्यायची. गडबडीत शिट्टी उचलून वाफ सोडली की आतलं पाणी एकदम भडकून उकळतं आणि सगळी सालं त्याच क्षणी सुटतात. तुमची सालं तरंगतात ती बहुतेक इथंच.

वाटण: सुकं खोबरं दीडशे ग्रॅम, तीळ पन्नास ग्रॅम, सहा कांदे उभे चिरून काळपट होईपर्यंत भाजलेले, दोन गड्डे लसूण, दोन इंच आलं, कोथिंबिरीच्या देठांची मूठ. तेलात वाटण बाजू सोडेपर्यंत परतायचं, मग कांदा-लसूण चटणी सहा-सात चमचे. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. नुसत्या ब्याडगीची आमटी लाल दिसते आणि गोडसर लागते. पावट्याचं शिजलेलं पाणी घालून उकळी आणायची, दोन डाव दाणे चेपून त्यातच सोडायचे म्हणजे रस्सा दाट होतो, बाकीचे दाणे सगळ्यात शेवटी. कूट घालू नका, पावट्याची चव झाकली जाते. (कोल्हापूरकडं घालतात. घालू देत.)

हे सुक्या पावट्याचं. थंडीत ओल्या शेंगा आल्या की सुका पोत्यातच राहू द्या. ओल्या दाण्याला भिजवणं नाही, उघड्या पातेल्यात पंधरा-वीस मिनिटं. भोगीच्या भाजीला तर ओलाच हवा.

आडतदुकान

अक्का, भिजवताना मीठ? मिठानं दाणा आखडतो असंच आजवर सगळे सांगतात.

प्रयोगशाळेतला_आचारी

आखडत नाही, उलट होतं. सालीतल्या कॅल्शियमची जागा मिठातलं सोडियम घेतं आणि साल मऊ पडते, ताणली जाते, फुटत नाही. बोअरच्या पाण्याला तर हे जास्तच उपयोगी. मिठाला दोष मिळाला तो आंबटाचा. दोन्ही एकाच वेळी पडतात ना. पण मोड आणायचे असतील तर भिजवताना मीठ नको.

आता राजम्याकडं वळू, कारण बाकी सगळ्यात चव बिघडते, इथं माणूस आजारी पडतो. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन भरपूर असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा पुरतात, एक ते तीन तासांत मळमळ, जोराच्या उलट्या, मग जुलाब. निदान पाच तास भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात खळाखळा उकळी किमान दहा मिनिटं, अर्धा तास दिलात तर उत्तम. अर्धवट तापवणं सगळ्यात वाईट. ऐंशी अंशांच्या आसपास रेंगाळलेल्या राजम्यात विषारीपणा कच्च्यापेक्षाही वाढलेला आढळतो. म्हणून मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, किंवा एक उकळी आणून गरम डब्यात बंद करून तो कधी शिजवायचा नाही. कुकरातलं तापमान शंभराच्या वर जातं, तिथं लेक्टिन टिकत नाही. मात्र मधोमध टणक दाणा म्हणजे उष्णता आतवर पोचली याची खात्री नाही. ते डब्यात भरू नका, परत लावा.

रात्रभर भिजवलेल्याला चार शिट्ट्या आणि पुढं मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं. एक दाणा सुरीनं कापून बघा: मधे पांढरा खडूसारखा ठिपका दिसला की अजून पाणी आत गेलेलं नाही. मोड आणून कोशिंबिरीत कच्चा घालायचा प्रकार मूग-मटकीपुरता ठेवा, राजमा-घेवड्याला नाही.

इकडच्या रश्श्याला मोठ्या लाल राजम्यापेक्षा वाघ्या घेवडा घेऊन बघा, साताऱ्याच्या कोरेगाव भागातला, भौगोलिक मानांकन मिळालेला. अंगावर लाल रेघा असतात, शिजल्यावर त्या जातात. साल पातळ, चव गोडसर, आणि चटणीचा रस्सा त्याला चांगला लागतो. मोठा राजमा टोमॅटोच्या घट्ट रश्श्यातच शोभतो आणि तो भाताबरोबर जातो, भाकरीबरोबर नाही.

शहापूरची_खानावळ

उपयोगी पडलं हो सगळं. चवळी आणि डबल बी राहिली. शिवाय चवळीच्या पिशवीत आता दाण्यांवर पांढरे ठिपके दिसायला लागलेत, बुरशी समजायची का?

घाटमाथा_खानापूर

चवळी विसराळू दिवसाची. तीन-चार तास भिजली तरी एक शिट्टी बास, अजिबात भिजवली नसेल तर चार. रात्रभर भिजवली आणि वर तीन शिट्ट्या दिल्या की चिखल. बटाटा घालून सुकी करा, नाहीतर आमच्याकडं गोव्याच्या वळणानं भाजलेलं ओलं खोबरं आणि धने वाटून रस्सा करतात तसा.

प्रयोगशाळेतला_आचारी

डबल बीत सायनाइड सुटणारं द्रव्य थोडं असतं. बाजारातल्या पांढऱ्या जातीत कमी, तरी रीत सोडायची नाही: आठ तास भिजवून पाणी फेकायचं, पहिली दहा मिनिटं झाकण न लावता उकळायचं म्हणजे वायू उडून जातो, मग कुकर, दोन-तीन शिट्ट्या. तिखट रश्श्यात ती बेचव लागते. खोबरं, खसखस, हिरवी मिरची वाटून पुरीबरोबरचा सागू (कर्नाटकी पद्धतीची रस्साभाजी) करा, तिथं तिला जोड नाही.

आडतदुकान

पांढरे ठिपके नखानं खरवडून बघा. सालीला चिकटलेले, टणक आणि गुळगुळीत असतील तर ती भुंग्याची अंडी. अळी तिथूनच दाण्यात शिरते आणि भुंगा होऊन बाहेर पडताना गोल भोक पाडते. भोकं पडलेली नसतील तर माल वाचतो: पिशवी हवाबंद करून डीप फ्रीजरला चार दिवस, बाहेर काढून खोलीच्या हवेला आल्यावरच उघडायची, नाहीतर दाण्यांना पाणी सुटतं. फ्रीजर नसेल तर कडक उन्हात दोन दिवस पातळ पसरून चाळणीनं चाळा आणि किलोला चहाचा एक चमचा एरंडेल हातानं चोळून डब्यात भरा. भोकं दिसत असतील तर ती चवळी पाण्यात टाका, तरंगेल तेवढी गुरांना. चवळी आणि मूग यांना भुंगा लवकर लागतो, त्यामुळं तेवढी दोन कडधान्यं पंधरा दिवसांपेक्षा जास्तीची भरू नका.