वापरलेल्या प्लाझ्मा टीव्हीचे चित्र आणि आवाज कसे पारखावेत?

प्रश्न: मी ५० इंची वापरलेला प्लाझ्मा टीव्ही घेण्याच्या विचारात आहे. मोठ्या कंपन्यांनी २०१४ च्या सुमारास उत्पादन थांबवल्यामुळे नवा संच मिळणे शक्य नाही. प्रत्यक्ष पाहताना दर्जा कशावरून ठरवावा?

उत्तर १: खोलीतला उजेड कमी करून रात्रीचे एखादे दृश्य लावावे आणि काळ्या कोटाच्या घड्या वेगळ्या दिसतात का, ते पाहावे, कारण प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाशत असल्याने काळ्या रंगाची खोली हेच प्लाझ्माचे मुख्य बलस्थान आहे. अगदी जवळून गडद भागात बारीक कण वळवळताना दिसतील. तो बिघाड नव्हे, बिंदू क्षणार्धात अनेकदा चमकवून छटा साधण्याच्या पद्धतीचा तो परिणाम आहे. नंतर सलग करडा पडदा लावावा. त्यावर वाहिनीच्या बोधचिन्हाची सावली दिसली आणि बराच वेळ हलते चित्र चालवूनही ती फिकी झाली नाही, तर, माझ्या मते, तो संच घेऊच नये.

उत्तर २: सलग पांढरा पडदा मंद वाटल्यास बिचकू नये, विजेचा भार आवरण्यासाठी संच स्वतःच उजळपणा उतरवतो. त्याच वेळी आवाज पूर्ण बंद करून कान द्यावा. पडद्यातून येणारी गुणगुण बसण्याच्या जागेपर्यंत ऐकू आली, तर शांत प्रसंगांत ती फार खटकेल.

उत्तर ३: अंगच्या स्पीकरांकडून खर्जाची अपेक्षा ठेवू नये. संवाद स्पष्ट ऐकू येत असतील आणि बाहेरचे स्पीकर जोडण्याची सोय चालू असेल, तर तेवढे पुरे.