भावाला जहाजाचं इंजिनिअरिंग करायचंय, मरीन की शिप डिझाइन?

खानापूरची_ताई:
नमस्कार. धाकटा भाऊ पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला हाय, सायन्स. कारवारला मामाकडं जाऊन बंदरात जहाज बघून आला, तेव्हापासनं तेच डोक्यात. बाबा उद्यमबागला फौंड्रीत, ते म्हणतात बेळगावातच मेकॅनिकल घे. मरीन आणि नेव्हल आर्किटेक्चर एकच काय ओ? घरात कुणालाच माहीत नाही, जरा नीट सांगा.

इंजिनरूमवाला:
ताई, एक नव्हे. नेव्हल आर्किटेक्ट जहाजाचा आकार, वजन, तोल ठरवतो, नोकरी जमिनीवर. आम्ही मरीनवाले महिनोन्‌महिने दर्यावर, मेन इंजिन, जनरेटर, पंप, बॉयलर सगळं आमच्याकडं. मोठ्या जहाजाचं टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला साधारण 100 फेरेच फिरतंय, मध्ये गिअरबॉक्स नाही, सरळ प्रोपेलरला जोडलेलं, आणि सिलिंडर एवढा मोठा की पिस्टन काढल्यावर लायनर, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर, मोजायला माणूस आत उतरतो. उकाडा फौंड्रीसारखाच, बाबांना कळेल.
आधी डोळे तपासा, रंग ओळखायला अडचण असली तर मरीन विसरा. मग आयएमयूची, म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी (प्रवेश परीक्षा), पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) 60 टक्के, इंग्रजीला 50 पाहिजेत. कॉलेज डीजी शिपिंगच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या यादीत हाय का स्वतः बघा, एजंटला एक रुपया देऊ नका. माझ्या वडिलांनी ऊसबिलाचे पैसे एकाला दिले ते गेलेच. मग मी मेकॅनिकल करून वर्षाचा जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग) कोर्स केला, म्हणजे बाबांच्या वाटेनं पण दर्यावर जाता येतंय.

चिकोडीकर:
मी डिझाइनवाला. पत्र्याचा चौकोनी डबा टबात सोडायला सांगा, आत वजन तळाला ठेवून बोटानं कलवायचा, मग तेच वजन उंचावर बांधून परत. डबा जरा कलला की पाणी ज्या उभ्या रेषेत वर ढकलतं, ती डब्याच्या मधल्या रेषेला छेदते तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. गुरुत्वमध्य मेटासेंटरच्या वर गेला की डबा सरळ राहतच नाही. डब्यासारख्या बार्जला (सपाट तळाची मालवाहू बोट) उत्प्लावन केंद्रापासून, म्हणजे बुडालेल्या भागाच्या मध्यापासून, मेटासेंटरची उंची म्हणजे रुंदीचा वर्ग भागिले ड्राफ्टची (पाण्यात बुडालेल्या खोलीची) 12 पट. रुंदी 12 मीटर, ड्राफ्ट 3, तर 4 मीटर. रुंदी 10 केली की पावणेतीनच्या आसपास! यात रमला तर डिझाइन. जेईई अॅडव्हान्स्डमधनं खरगपूर, मद्रास आयआयटी, नाहीतर कोचीचं कुसॅट विद्यापीठ, आयएमयूचं विशाखापट्टणम.

खानापूरची_ताई:
दोघांचे खूप आभार. काल डबा सोडला, बाबाच वजनाला फौंड्रीतला बिडाचा तुकडा घेऊन आले, दोघं रात्री अकरापर्यंत टबाजवळ. भाऊ म्हणतोय इंजिनच पाहिजे. सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडं जातोय.